दुःख गिळावे की सांगावे?

काही वर्षांपूर्वी आमच्या सभामंडपात घडलेली एक गोष्ट आमच्या मनाला अजून टोचते. तिच्या निमित्ताने एका जुन्याच प्रश्नाचा विचार या अंकात करण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या भजनी मंडळात पखवाजाची साथ करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. दिवसकार्य आटोपून ते प्रथमच मंदिरात आले, तेव्हा आम्ही सर्वांनी त्यांना घेरले आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्यांचे सांत्वन केले. कोणी म्हणाले, 'धीर धरा, आता घरच्यांकडे तुम्हीच पाहायचे.' कोणी म्हणाले, 'ईश्वरेच्छा! तेथे आपले काय चालते?' कोणी आत्म्याच्या अमरत्वाविषयी चार शब्द ऐकविले. त्या गृहस्थांनी हात जोडले, मान डोलाविली आणि ते घरी गेले. पुढे सात-आठ महिने ते पखवाजाला शिवले नाहीत. मंदिरात येत, कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बसत आणि आरती झाली की उठून जात. आम्ही आपसांत म्हणू लागलो, 'मोठा धीराचा मनुष्य! तोंडातून एक शब्द नाही.'

त्यांच्या मौनाला आम्ही धैर्य समजलो. ते धैर्य नव्हते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले, आणि तेही आमच्या शहाणपणामुळे नव्हे. कसे कळले ते शेवटी सांगू. तूर्त प्रश्न असा की, मनुष्याने आपले दुःख गिळावे की सांगावे? सांगावे म्हटले तर नुसत्या सांगण्याने ते शमते काय? आणि शमत नसेल तर ऐकणाऱ्याचे कर्तव्य कोठवर पोचते?

आपल्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर लहानपणीच देऊन टाकलेले असते. घरातले उंबऱ्याबाहेर नेऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुरुषाने रडू नये, सुनेने बोलू नये, वडीलधाऱ्यांनी खचू नये. या शिकवणुकीत काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. संकटात स्वतःला सावरणे हा गुणच आहे. परंतु संयम आणि दडपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संयमी मनुष्याला आपल्या मनात काय चालले आहे हे ठाऊक असते. ते कोठे, केव्हा व कोणापाशी प्रकट करावे हे तो ठरवितो. ज्याने दुःख दडपले त्याला असा निर्णय उरतच नाही. विहीर मातीने बुजविली म्हणून झरा आटत नाही. चार पावसाळ्यांनंतर तो शेजारच्या भिंतीच्या पायाशी निघतो. त्याचप्रमाणे दडपलेले दुःख निद्रानाश, चिडखोरपणा, अन्नावरची वासना उडणे, अकारण अंगदुखी अशा रूपांनी बाहेर येते, आणि मूळ कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

या बाबतीत भगवद्गीतेच्या रचनेकडे वाचकांनी नव्या दृष्टीने पाहावे अशी आमची विनंती आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी अवघे एक वाक्य आहे. जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढेच ते सांगतात. त्यानंतर अर्जुन बोलतो. त्याची गात्रे गळतात, मुख शोषते, अंगाला कंप सुटतो, धनुष्य हातातून निसटते. हे सर्व तो स्वतःच वर्णन करून सांगतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण त्याला कठोर शब्दांनी झिडकारतात खरे, पण त्या झिडकारण्याने अर्जुन उठून उभा राहत नाही. तो पुन्हा आपली व्यथा मांडतो, आपण गोंधळलो आहोत अशी कबुली देतो, लढणार नाही असे म्हणतो आणि गप्प बसतो. उपदेशाला खरा आरंभ होतो तो यानंतर. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर निर्णय मात्र अर्जुनाच्या इच्छेवर सोपविलेला आहे. साक्षात भगवंतांना जेथे आधी ऐकून घ्यावे लागले, तेथे आम्ही पहिल्याच भेटीत अमरत्वाचा पाठ देऊन मोकळे झालो, ही आमची चूक होती.

आता बोलण्याच्या सामर्थ्याचा विचार करू. व्हिएन्ना नगरीत १८८० साली बेर्टा पापेनहाइम नावाची एकवीस वर्षांची तरुणी आजारी पित्याची शुश्रूषा करीत असता स्वतःच एका विलक्षण व्याधीने ग्रासली गेली. हातपाय लुळे पडणे, दृष्टीत बिघाड होणे, मातृभाषेचा विसर पडून केवळ इंग्रजीतच बोलता येणे, अशी तिची अवस्था झाली. डॉक्टर योझेफ ब्रॉयर तिच्याकडे जात आणि ती सांगेल ते ऐकत. एखाद्या लक्षणाचा उगम ज्या प्रसंगात असेल तो प्रसंग ती त्या वेळच्या भावनेसह सांगू लागली की ते लक्षण ओसरते, असे त्यांना दिसून आले. या उपायाला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिले. विनोदाने ती त्याला 'धुराडे झाडणे' असेही म्हणे. १८९५ साली ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी ही हकीकत 'आना ओ.' या बदललेल्या नावाने ग्रंथात प्रसिद्ध केली. आज जगभर ज्याला संवादोपचार म्हणतात त्याच्या उगमाशी ही तरुणी आहे.

परंतु ही कथा येथेच संपविणे सत्याला धरून होणार नाही. १८८२ साली ब्रॉयर यांचा उपचार थांबल्यावरही तिला आरोग्यधामांत पुन्हा पुन्हा राहावे लागले. पुढे ती फ्रँकफुर्ट येथे स्थायिक झाली. तिने कथा लिहिल्या; १८९९ साली मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांच्या स्त्रीहक्कांवरील ग्रंथाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला; १९०४ साली ज्यू स्त्रियांची संघटना उभारली; १९०७ साली नोई-इझेनबुर्ग येथे निराधार मुली व अविवाहित माता यांच्यासाठी गृह काढले. बोलण्याने तिला आराम पडला, पण तेवढ्याने भागले नाही. पुढचे आयुष्य तिला लेखणीने आणि कामाने उभारावे लागले.

नुसत्या बोलण्यात एक धोकाही आहे, आणि त्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: उगाळणे. तेच दुःख, त्याच शब्दांत, रोज सहाणेवर घासत बसले म्हणजे ते झिजत नाही. त्याचा लेप मात्र दाट होतो. असे का व्हावे? बोलणारा आपल्या विचारापासून तसूभरही दूर सरकलेला नसतो, म्हणून. 'माझ्यामुळे झाले' हा विचार आणि 'माझ्यामुळे झाले' हे सत्य, यांत त्याला अंतर दिसत नाही. हे अंतर दिसण्यासाठी दुसरे साधन लागते, ते म्हणजे अवधान. आपल्याकडे साक्षीभाव हा शब्द जुना आहे. बौद्धांच्या ध्यानपद्धतीत श्वास, देह, वेदना व विचार यांच्याकडे आसक्ती वा तिरस्कार न धरता पाहण्याचा अभ्यास सांगितला आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात या अभ्यासाला काही आठवड्यांच्या पाठ्यक्रमाचे रूप दिले. जुनाट वेदनांनी त्रासलेले, औषधांनी पुरते बरे न होणारे रुग्ण तेथे येत. वेदना नाहीशी होईल असे आश्वासन त्यांना दिले जात नसे. वेदनेशी असलेले आपले नाते बदलावयाला शिका, एवढेच सांगितले जाई.

हाच अभ्यास पुढे मनोविकारांकडे वळविण्यात आला. टीसडेल, सीगल, विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका परीक्षणात पूर्वी नैराश्याने आजारी पडून बरे झालेल्या १४५ व्यक्तींचा समावेश होता. ज्यांना तीन वा अधिक वेळा नैराश्याने गाठले होते, त्यांच्यापैकी नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्या शेकडा ६६ जणांना साठ आठवड्यांत व्याधी पुन्हा जडली. ज्यांनी अवधानाचा अभ्यास केला, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३७ वर आले. मात्र ज्यांना दोनच वेळा हा विकार झाला होता त्यांना या अभ्यासाचा असा लाभ दिसला नाही. हे दुसरे वाक्यही पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. ध्यान हे सर्व रोगांवरचे एकच औषध आहे असे जे हल्ली ठिकठिकाणी सांगितले जाते, ते या आकड्यांच्या कसोटीस उतरत नाही. ज्याच्या मनावर भयंकर आघात झाला आहे अशा मनुष्याला 'डोळे मिटून शांत बसा' म्हणून एकटे सोडले, तर डोळे मिटताच तोच प्रसंग त्याच्यासमोर उभा राहण्याचा संभव असतो. त्याच्याजवळ जाणता मनुष्य हवा. आणि येथे अभिमानालाही थोडा आवर घातला पाहिजे. 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे आपण मोठ्या उत्साहाने म्हणतो. पण ज्याने घरातली तिजोरी कधी उघडलीच नाही, त्याने तिच्या वजनाची बढाई मारून काय साधते?

तिसरे साधन म्हणजे हातांनी वा कंठाने काही घडविणे. असेही दुःख असते की ज्याला शब्दच सापडत नाहीत, आणि शब्दांवाचून त्याच्याकडे तटस्थपणे पाहताही येत नाही. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी होऊन आरोग्यधामात पडले होते. बिछान्यात पडल्या पडल्या ते चित्रे काढीत. त्याने मन सावरते असे त्यांना अनुभवास आले, आणि त्यांनी इतर रुग्णांच्या हातीही कागद-रंग दिले. 'कलोपचार' या अर्थाचा इंग्रजी शब्द १९४२ साली त्यांनीच योजिला, असे मानले जाते. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहावयास सांगितले. लिहिल्याबरोबर त्यांना अधिकच वाईट वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत, घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना डॉक्टरांकडे कमी वेळा जावे लागले. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ सर्वत्र सारखा आढळला नाही. तथापि मनातले कागदावर उतरविले की त्याला आकार येतो, आणि आकार आला की ते थोडे हाताळता येते, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

कला काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचे सर्वांत गंभीर उदाहरण तेरेझिनचे आहे. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीला १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी त्या छावणीत पाठविले. तेथील ज्यू मुलांना तिने चित्रकला शिकविली. कागद मिळेल तो वापरायचा, आणि चित्रावर आपले नाव लिहावयाचे. ज्या राजवटीने माणसांना क्रमांक दिले होते, तिच्या छावणीत मुले आपली नावे लिहीत होती. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला औशवित्स येथे नेऊन ठार करण्यात आले. जाण्यापूर्वी तिने सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून ठेविली. ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती चित्रे काढणाऱ्या बहुतेक मुलांचा पुढे वध झाला. चित्रांनी त्यांचे प्राण वाचविले नाहीत. त्या काळरात्रीत त्यांचे मन मात्र काही तास त्यांचे स्वतःचे राहिले. तिची शिष्या ईडिथ क्रॅमर हिने पुढे अमेरिकेत बालकांसाठी कलोपचाराचा पाया घातला.

सांगणे, पाहणे आणि घडविणे ही तीन साधने अशी वेगवेगळी मांडली, तरी माणसाचे मन असे तीन कप्प्यांत विभागलेले नसते. एकातली उणीव दुसरे भरून काढते. सांगण्याने कोंडी फुटते, पण ते उगाळण्यात जाऊ नये म्हणून पाहावे लागते. पाहण्याने अंतर पडते, पण ते कोरडेपणात जाऊ नये म्हणून काही घडवावे लागते. घडविण्याने हातांना व मनाला वळण मिळते, पण ते नुसता विरंगुळा होऊन बसू नये म्हणून कोणाला तरी सांगावे लागते. म्हणूनच अलीकडचे अनेक उपचारक या तिन्हींची सांगड घालतात.

आपल्याकडील जात्यावरच्या ओवीत ही सांगड कोणी न शिकविता घातली गेली होती. पहाटेच्या अंधारात दोन स्त्रिया समोरासमोर बसत. हात खुंट्यावर, दाणे मुठीमुठीने तोंडात पडत, जात्याची घरघर एका लयीत चालू, आणि त्या लयीवर माहेराची, भावाची, सासुरवासाची ओवी. एकीने म्हणावी, दुसरीने ऐकावी. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉयट्वँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. तो पाहिला म्हणजे त्या पहाटेच्या अंधारात काय काय दळले जात होते याची कल्पना येते. परंतु त्या ओवीचे गुणगान करताना एक गोष्ट लपवू नये. त्या स्त्रीला दिवसा तोंड उघडण्याची सोय नव्हती, म्हणून ती पहाटे गात होती. तिचा सासुरवास गाण्याने थांबला नाही. ज्यांच्यामुळे तिला दुःख होई ते त्याच घरात, भिंतीपलीकडे निजलेले असत, आणि ती ओवी त्यांच्या कानांवर पडूनही त्यांनी ती ऐकली नाही.

ऐकणारा भेटला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाने अलीकडे दिले आहे. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांची एक तरुण रुग्ण २००५ साली दगावली. रुग्णालयापर्यंत येण्यास बसचे भाडेच त्या कुटुंबाजवळ नव्हते. देशात तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, आणि दुःखी माणसे घरोघर. तेव्हा त्यांनी २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीतील चौदा आजीबाईंना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवला. त्यावर आजी बसत आणि येईल त्याचे ऐकत. नैराश्याला तेथील शोना भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'अतिविचार करणे' असा होतो. आजींनी तोच शब्द वापरला, परका शब्द वापरला नाही. आधी मन मोकळे करणे, मग एक अडचण निवडून तिच्यावर चालण्याजोगा उपाय त्या माणसाकडूनच काढून घेणे, असा त्यांचा क्रम. बाकावरच्या बैठका झाल्या की ती व्यक्ती एका मंडळात येते. तेथे स्त्रिया टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात हरारेतील २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणे नेहमीचे उपचार घेणाऱ्या शेकडा ५० जणांत उरली होती. आजींच्या बाकावर बसलेल्यांत हे प्रमाण शेकडा १४ होते.

आणि हरारेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या गोमंतकात 'संगत' ही संस्था १९९६ पासून हेच काम करीत आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण योग्य शिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. त्यांच्याशी बोलून, सुटलेली कामे व आवडी एकेक करून पुन्हा हाती धरावयास लावणे, हे त्या भेटींचे स्वरूप होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षणात तीन महिन्यांनंतर समुपदेशन घेतलेल्या शेकडा ६४ जणांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना नेहमीचीच थोडी अधिक काळजी मिळाली त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ होते. विद्वत्तेहून प्रशिक्षित आपुलकीचा उपयोग किती मोठा आहे, हे आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सारे मनाचे लाड आहेत. आमच्या आजा-पणज्यांनी प्लेग पाहिला, दुष्काळ पाहिले, त्यांना कोठे समुपदेशक होता? त्यांना नव्हता हे खरे. पण त्यांच्यातले किती जण आतल्या आत खंगले, किती जणींनी विहीर जवळ केली, याची नोंद कोणी ठेविली नाही. जे तगले तेवढेच आपल्याला दिसतात, आणि त्यांवरून आपण सर्वांचा हिशेब मांडतो. दुसरा आक्षेप भाविकांचा: नामस्मरणाने, भजनाने हे सर्व साधत नाही काय? भजनाने चित्त स्थिर होते आणि मनुष्य एकटा राहत नाही, हा आमचाही अनुभव आहे. पण ज्याला रात्र रात्र झोप नाही, अन्न जात नाही, जीव नकोसा वाटतो, त्याला 'नाम घ्या, सारे ठीक होईल' असे सांगून परत पाठविणे म्हणजे मोडलेल्या हाडावर अंगारा लावण्यासारखे आहे. अंगारा लावण्यास कोणाची हरकत नाही. पण हाड बसविणाऱ्याकडेही नेले पाहिजे. देवाला आपण सर्व सांगतो, ते योग्यच आहे. तथापि देव बहुधा माणसाच्या कानांनी ऐकतो, असे आम्हांला वाटते.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत खरा वाटतो. एखाद्याच्या दुःखाचे कारण अन्यायात असेल, तर त्याच्या मनावर उपचार करणे म्हणजे त्याला अन्याय सोसावयाला शिकविणे नव्हे काय? सासरी छळ होणाऱ्या सुनेला ध्यान शिकवावे, कर्जाने पिचलेल्याला चित्रे काढावयास लावावे, आणि छळणारा व सावकार मोकळे राहावेत? तसे झाले तर ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार देण्याहून फारसे निराळे ठरणार नाही. म्हणून जो खरोखर ऐकतो, त्याच्यावर ऐकलेल्याची जबाबदारी येते. ज्या घरात मार बसतो त्या घरच्या स्त्रीला शांती शिकविण्याआधी सुरक्षित आसरा मिळवून दिला पाहिजे. जात्यावरची ओवी भिंतीपलीकडे ऐकू गेल्यावर उठून बसणे, हे ऐकणाऱ्याचे काम आहे. मनाचा उपचार माणसाला उभे राहण्याचे बळ देतो. ते बळ कोणाविरुद्ध आणि कशासाठी वापरावे हे त्याचे त्याने ठरवावे, आणि आपण त्याच्या बाजूने असावे.

मग आपल्यासारख्या मंडळाने करावे तरी काय? मंदिराचे रुग्णालय करावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु शोकाकुल मनुष्य भेटला असता पहिल्या भेटीत उपदेश करू नये, एवढा नियम प्रत्येकाला पाळता येईल. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्याविषयी विचारावे. ऐकलेले दुसऱ्या कानी घालू नये; कारण एकाचे गुपित चव्हाट्यावर आले की पुढची दहा माणसे तोंड मिटून घेतात. रांगोळी, हार, भजन, दिंडीची तयारी ही कामे करताना दुःखी मनुष्याला प्रेमाने ओढून घ्यावे, पण त्याच्यावर बोलण्याची सक्ती करू नये. आणि आपल्या शक्तीबाहेरचे दिसले की विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे, शक्यतो बरोबर जावे. शासनाने २०२२ साली चालू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास प्रशिक्षित समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक मंदिराच्या फलकावर लावण्यास कोणते विघ्न आहे?

आता त्या पखवाजवाल्या गृहस्थांची राहिलेली हकीकत सांगू. ती त्यांच्या अनुमतीने येथे देत आहोत. आमच्या मंदिरात हार करणाऱ्या एक वृद्ध बाई आहेत. एका बुधवारी सायंकाळी त्या त्यांना म्हणाल्या, 'भाऊ, नुसतेच बसलात. ती झेंडूची टोपली इकडे सरकवा आणि चार फुले ओवा बघू.' त्यांनी ओवली. पुढच्या बुधवारी पुन्हा ओवली. असे तीन-चार आठवडे गेले. दोघे फारसे बोलले नाहीत. मग एके दिवशी सुईत दोरा ओवता ओवता बाईंनी विचारले, 'मुलाचे नाव काय हो होते?' तोवर आम्हांपैकी एकानेही ते विचारले नव्हते. गृहस्थ बोलू लागले. मोटारसायकल घेऊन देण्यास त्यांच्या पत्नीचा विरोध होता. मुलाच्या हट्टाखातर ती त्यांनी स्वतः घेऊन दिली होती. 'ईश्वरेच्छा' म्हणून आम्ही ज्या दाराला कडी घातली, त्याच्या आत हे होते. बाईंनी 'धीर धरा' म्हटले नाही, 'तुमचा दोष नाही' असेही घाईने म्हटले नाही. हार पुरा होईतो त्यांनी ऐकले. आठवडेच्या आठवडे तेच ऐकले. एके दिवशी ते म्हणाले की, महिनोन्‌महिने आपल्याला झोप नाही आणि जगावेसे वाटत नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, 'भाऊ, हे माझ्या आवाक्यातले नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर.' दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच बरोबर गेल्या. पुढे औषध चालू झाले, समुपदेशकांच्या भेटी चालू झाल्या. काही महिन्यांनी त्यांनी हे सारे पत्नीलाही सांगितले.

दुःख संपले असे ते म्हणत नाहीत. आम्हीही म्हणणार नाही. गेल्या वर्षीच्या आषाढी एकादशीपासून ते पुन्हा पखवाजाला बसतात. बुधवारी अजून हार ओवतात. एक अभंग त्यांच्या मुलाला फार आवडत असे. तो आला की ते पखवाजावरचे हात काढून मांडीवर ठेवतात आणि डोळे उघडे ठेवून तो शेवटपर्यंत ऐकतात. त्या वेळी त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, कोणी काही समजावीत नाही. तेवढा अभंग आम्ही टाळांवरच म्हणतो.